खिडकीमागचे बदल : प्रस्तावना

७ जानेवारी २०१४ रोजी एक्स विंडो प्रणाली सांभाळणाऱ्या मंडळींनी एक सुरक्षा-सूचना प्रसिद्ध केली. फॉन्टची फाइल वाचणाऱ्या एका छोट्या भागात चूक सापडली होती. ही फाइल साध्या मजकुराची असते. तिच्यात प्रत्येक अक्षराच्या आकृतीआधी एक ओळ येते आणि त्या ओळीत त्या आकृतीचे नाव असते. हे नाव ठेवायला प्रोग्रॅममध्ये शंभर अक्षरांची जागा राखली होती; पण फाइलमधले नाव त्याहून लांब निघाले तर काय, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. लांब नाव आले की ते राखीव जागा ओलांडून शेजारच्या मेमरीवर लिहिले जाई. असे नाव कुणी मुद्दाम रचले, तर तेवढ्यावरून अख्खे यंत्र परक्याच्या ताब्यात जाण्याचा धोका होता, कारण एक्सचा सर्व्हर बहुतेक ठिकाणी रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी प्रशासकाच्या, अधिकाराने चालत असे. दुरुस्ती निव्वळ दोन अंकांची होती. ‘पुढचे नाव वाच’ या आज्ञेत ‘९९ अक्षरांपर्यंतच’ अशी मर्यादा घातली गेली. शंभरावी जागा शब्द संपल्याची खूण ठेवायला लागते. ही चूक १९९१ साली एक्स ११ च्या पाचव्या आवृत्तीबरोबर आत आली होती आणि पुढे बावीस वर्षांहून अधिक काळ कुणाच्या नजरेस पडली नव्हती.

ते दोन अंक लिहायला क्षणही पुरला असेल. पण मूळ प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती लिहिली गेली म्हणून ती टेबलावरच्या यंत्रात आपोआप उतरत नाही. मधे वितरक असतो, प्रशासक असतो, वापरणारा असतो, आणि त्यांच्यापैकी एकाला तरी काय बिघडले होते, काय बदलले आणि आता काय करायचे हे कळावे लागते. युनिक्स वर्कस्टेशन आणि त्यावरच्या विंडो प्रणाली यांच्या बातम्यांकडे म्हणूनच सदरातला मजकूर म्हणून पाहून चालत नाही. या जगात बदलाची बातमी हा यंत्राचाच एक भाग आहे, आणि तो भाग बंद पडला तर बाकीचे यंत्र कितीही चांगले असो, ते हळूहळू धोक्याचे आणि निरुपयोगी होत जाते. पुढची पाने याच समजुतीतून वाचावीत अशी अपेक्षा आहे. ही समजूत कशावर उभी आहे आणि तिच्यावर कोणते आक्षेप येतात, ते इथे मांडतो.

वर्कस्टेशन हा शब्द आज कुठल्याही दणकट संगणकाला लावतात. १९८० च्या दशकात त्याला नेमका अर्थ होता: एका माणसाच्या टेबलावर बसणारे, मोठी स्क्रीन आणि माउस असलेले, नेटवर्कला जोडलेले आणि बहुधा युनिक्सवर चालणारे यंत्र. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली आल्टो हे यंत्र तयार झाले तेव्हा ही कल्पना प्रथम प्रत्यक्ष दिसली. १९८२ मध्ये विनोद खोसला, अँडी बेक्टोलशाइम, बिल जॉय आणि स्कॉट मॅकनीली यांची सन मायक्रोसिस्टिम्स उभी राहिली आणि अशी यंत्रे विद्यापीठांत व कारखान्यांच्या आरेखन विभागांत दिसू लागली. (यातले खोसला जन्माने पुण्याचे.) यंत्रावरचे युनिक्स मात्र मुळात यातल्या कुणाचेच नव्हते. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून बेल लॅब्समध्ये ते घडवले. १९७३ मध्ये ते सी भाषेत पुन्हा लिहिले गेले आणि एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेणे शक्य झाले. प्रत्येक कंपनीने ते नेले आणि आपल्या परीने बदलले. सनचे सनओएस, ह्युलेट-पॅकार्डचे एचपी-यूएक्स, आयबीएमचे एआयएक्स, सिलिकॉन ग्राफिक्सचे आयरिक्स ही सगळी एकाच कुळातली भावंडे होती, पण एकाचे औषध दुसऱ्याला चालेलच असे नव्हते.

विंडो प्रणालीची कथा याहूनही बोलकी आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, १९८३ साली डिजिटल आणि आयबीएम या दोन कंपन्यांच्या मदतीने प्रोजेक्ट अथेना सुरू झाला. यंत्रे दोन वेगळ्या घरांची आणि विद्यार्थ्यांना मात्र सगळीकडे एकच वातावरण हवे, अशी ती अडचण होती. बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी त्यावर जी प्रणाली उभी केली तिचा पाया स्टॅनफर्डच्या ‘डब्ल्यू’ नावाच्या प्रणालीत होता. वर्णमालेतले पुढचे अक्षर घेऊन तिला ‘एक्स’ म्हटले गेले. जून १९८४ मध्ये शाइफलरनी तिची पहिली वार्ता सहकाऱ्यांना कळवली आणि १५ सप्टेंबर १९८७ रोजी अकरावी आवृत्ती बाहेर पडली. जेमतेम सव्वातीन वर्षांत आकडा अकरावर गेला आणि तिथेच थांबला. आजही तो अकराच आहे. पण म्हणून आतले काही बदलले नाही असे कुणी समजू नये. मूळ नियमावलीत नव्या सोयी जोडायला जागा ठेवली होती, आणि गोलाकार खिडक्या, गुळगुळीत अक्षरे, पारदर्शक सावल्या, चालू यंत्राला दुसरा मॉनिटर जोडणे, हे सारे त्या जागेतून एकेक करून आत आले. नाव तेच, आकडा तोच आणि आतली वस्तू सतत बदलणारी, अशी ही घडण आहे. अशा वस्तूविषयी आवृत्तीचा आकडा फारसे काही सांगत नाही. काय जोडले आणि काय काढले याची नोंदच सांगते.

एक्सच्या कर्त्यांनी आणखी एक निर्णय घेतला: साधन द्यायचे, धोरण द्यायचे नाही. खिडकी कशी काढायची ते एक्स सांगेल. तिला किनार कशी असावी, बटण कुठे असावे, ती कशी हलावी हे दुसऱ्या कुणीतरी ठरवावे. या निर्णयामुळे एक्स टिकले असे मला वाटते, कारण रुची बदलली तरी पाया हलवावा लागला नाही. पण त्याच निर्णयामुळे एका टेबलावरच्या यंत्रात चार-पाच घरांचे काम एकत्र आले. गाभा एका कंपनीचा, खिडक्यांची नियमावली एमआयटीची, किनारी सांभाळणारा विंडो मॅनेजर तिसऱ्याचा, बटणे आणि मेनू यांचा संच चौथ्याचा. सन आणि एटी अँड टी यांनी ओपन लुक पुढे आणले, तर त्यांच्या विरोधात एकत्र आलेल्या कंपन्यांच्या ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशनने मोटिफ आणले. १९९३ मध्ये सर्वांनी समेट करून कॉमन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट स्वीकारले. एवढ्या हातांतून आलेल्या यंत्राच्या मालकाला सगळे बदल एकाच ठिकाणाहून कोण कळवणार? कुणीच नाही. ते गोळा करावे लागतात, आणि बातमीची गरज इथूनच निर्माण होते.

याच काळात सनने जेम्स गॉसलिंग आणि डेव्हिड रोझेंथाल यांची एक वेगळी विंडो प्रणाली बाजारात आणली होती. नेटवर्क एक्स्टेन्सिबल विंडो सिस्टिम या तिच्या नावाची आद्याक्षरे ‘न्यूज’ अशी वाचली जात. रेखाटनाच्या दृष्टीने ती एक्सच्या पुढे होती असे मानणारे जाणकार पुष्कळ होते. तरी ती मागे पडली आणि एक्स पसरले, कारण एक्सचा मूळ मजकूर कुणालाही घेता येत होता, दुरुस्त करता येत होता आणि ती दुरुस्ती इतरांना कळवता येत होती. चांगल्या वस्तूपेक्षा दुरुस्त करता येणारी वस्तू टिकली, असा या प्रकरणाचा माझ्यापुरता निष्कर्ष आहे.

दुरुस्ती कळवण्याची रीतसुद्धा याच मातीत घडली, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. १९८५ साली लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ नावाचा प्रोग्रॅम सर्वांना मोफत दिला. जुना आणि नवा मजकूर यांतला फरक दाखवणारी यादी काढण्याची सोय युनिक्सवर आधीपासून होती: गेलेल्या ओळीपुढे वजा, आलेल्या ओळीपुढे अधिक, आणि आजूबाजूच्या दोन-तीन ओळी ओळखीसाठी. वॉल यांचा प्रोग्रॅम ती यादी वाचून मूळ मजकुरात तोच बदल स्वतः करी, आणि तुमच्याकडचा मजकूर थोडा सरकलेला असला तरी ओळखीच्या ओळींवरून योग्य जागा शोधी. यात मला फार मोठी गोष्ट दिसते. माणसाने वाचायची बातमी आणि यंत्राला द्यायची दुरुस्ती एकाच कागदावर आली. वर सांगितलेल्या फॉन्टच्या चुकीची दुरुस्ती या रीतीने लिहिली तर कुणीही ती डोळ्यांनी तपासू शकतो: एक वजाची ओळ, एक अधिकची ओळ, फरक दोन अंकांचा. विश्वास ठेवा असे सांगण्याऐवजी इथे पाहा असे सांगितले जाते. बातमी यंत्राचा भाग आहे असे मी म्हणतो ते अलंकार म्हणून नाही.

आता ज्या ठिकाणी बातमी पोहोचली नाही तिथे काय झाले ते पाहू. २ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी कॉर्नेल विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला, स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर सुटला. बर्कली विद्यापीठात घडलेले युनिक्स चालवणारी सन-३ आणि व्हॅक्स यंत्रे त्याचे भक्ष्य झाली. त्याच्या वाटांपैकी एक वाट फिंगर नावाच्या साध्या सेवेतून जात होती. कोण वापरकर्ता सध्या कामावर आहे हे सांगणारी ही सेवा आलेली ओळ ५१२ अक्षरांच्या जागेत घेई आणि ओळ किती लांब आहे हे पाहत नसे. वर सांगितलेल्या फॉन्टच्या चुकीचीच ही थोरली बहीण. हल्ला लक्षात येताच अनेक संस्थांनी आपली यंत्रे नेटवर्कपासून तोडली आणि टपाल थांबवले. ते स्वाभाविकच होते. पण बर्कलीहून पाठवलेल्या दुरुस्त्या त्याच टपालाने यायच्या होत्या. ज्यांनी दार लावून घेतले त्यांच्यापर्यंत औषधही उशिरा पोहोचले. हार्वर्डमधून रात्रीच कुणीतरी पाठवलेला धोक्याचा आणि उपायाचा निरोपसुद्धा वेळेवर बहुतेकांच्या हाती पडला नाही. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आणीबाणीसाठी समन्वय केंद्र स्थापन झाले, ज्याला पुढे सर्ट म्हणून सगळे ओळखू लागले. नवे यंत्र किंवा नवा प्रोग्रॅम हे त्याचे काम नव्हते. कुणी काय पाहिले, काय खरे आहे आणि काय करावे हे ठरलेल्या ठिकाणाहून कळवणे हे होते.

इथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो. १९८८ ची बातमी तर जगभर गेली होती. तरी तीनच वर्षांनी फॉन्ट वाचणाऱ्या भागात तीच चूक पुन्हा लिहिली गेली, मग बातमीचा उपयोग काय? उपयोगाला मर्यादा आहे हे मान्य केलेच पाहिजे. बातमी वाचून माणसाची सवय लगेच बदलत नाही. पण बातमी, खुला मजकूर आणि तपासणीची साधने एकत्र आली की काय होते, याचाही दाखला याच प्रणालीत आहे. डिसेंबर २००५ मध्ये एक्स ११ ची सातवी आवृत्ती आली, आणि तिच्या सर्व्हरमध्ये एक तपासणी होती: काही धोक्याचे पर्याय फक्त प्रशासकालाच वापरू द्यावेत. त्या ओळीत एका फंक्शनच्या नावापुढचा रिकामा कंस लिहायचा राहिला. कंस असता तर ते फंक्शन चालले असते आणि वापरकर्त्याचा क्रमांक मिळाला असता. कंस नसल्याने मिळाला तो त्या फंक्शनचा मेमरीतला पत्ता, जो शून्य कधीच नसतो. परिणामी तपासणी सगळ्यांनाच पास करू लागली आणि यंत्रावरचा कुणीही साधा वापरकर्ता सर्वाधिकारी होऊ शकला. मजकूर आपोआप तपासणाऱ्या एका साधनाने हे पकडले आणि मार्च २००६ मध्ये सूचना व दुरुस्ती प्रसिद्ध झाली. बावीस वर्षांच्या जागी तीन महिने लागले. ही प्रगती खरी आहे, आणि तिच्या शेवटच्या टप्प्यावर पुन्हा वापरणाऱ्याचे कळणेच आहे.

एक्समधल्या काही गोष्टी दुरुस्तीने सुटण्यासारख्या नव्हत्याच. त्या फक्त समजून घेण्यासारख्या होत्या. एक्समध्ये सर्व्हर आपल्या टेबलावर असतो आणि क्लायंट म्हणवणारा प्रोग्रॅम दूरच्या मोठ्या यंत्रावर असू शकतो. नवख्याला हे उलटे वाटते, पण स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस यांची सेवा आपले यंत्र पुरवते, म्हणून ते सर्व्हर. दूरचा प्रोग्रॅम आपल्या स्क्रीनवर उघडत नसेल तर ‘एक्सहोस्ट अधिक’ अशी आज्ञा द्या, असा सल्ला प्रयोगशाळांतून सर्रास दिला जाई. खिडकी लगेच उघडे. पण त्या एका अधिकच्या चिन्हाने आपल्या सर्व्हरचे दार नेटवर्कवरच्या प्रत्येकाला सताड उघडे होई, आणि एक्सच्या घडणीत एकदा आत आलेल्या प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या खिडकीत दाबलेल्या कळा वाचता येतात, पासवर्डच्याही. गुप्त खुणेने ओळख पटवण्याची सोय पुढे आली, १९९५ नंतर एसएसएच या सांकेतिक जोडणीच्या बोगद्यातून एक्स नेण्याची रीत आली. ज्यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचली त्यांनी ती आज्ञा सोडली; ज्यांच्यापर्यंत नाही त्यांच्याकडे नवे प्रोग्रॅम बसवूनही दार उघडेच राहिले.

आजच्या वाचकाचा सर्वांत जोरदार आक्षेप असा असेल, की आता यंत्र स्वतःच अपडेट घेते, मग माणसाने कशाला वाचायचे? सुरक्षेच्या बारीक दुरुस्त्यांपुरते हे म्हणणे मला पटते. त्या आपोआप याव्यात आणि लवकर याव्यात. पण सगळे बदल त्या जातीचे नसतात. २००८ मध्ये क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी वेलँड या नव्या नियमावलीचे काम सुरू केले. २०१२ मध्ये तिची १.० आवृत्ती आली. तिच्यात एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या कळा वाचता येत नाहीत आणि दुसऱ्याची खिडकी परस्पर टिपता येत नाही. एक्सचा जुना दोष मुळातून काढला आहे. मे २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मधून एक्सचा स्वतंत्र सर्व्हर काढून टाकला गेला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये उबुंटू २५.१० च्या नेहमीच्या डेस्कटॉपमधून एक्सवर लॉगिन करण्याचा पर्याय गेला. जुने प्रोग्रॅम एक्सवेलँड नावाच्या पुलावरून चालतात, बहुतेक वेळा बिनबोभाट. पण ज्या दोषातून चोरी होऊ शकत होती त्याच मोकळीकीवर अनेक प्रामाणिक कामे उभी होती: स्क्रीन टिपणारे प्रोग्रॅम, कळा आणि माउस आपोआप चालवणाऱ्या स्क्रिप्ट, दृष्टी किंवा हात साथ देत नसलेल्यांसाठीची सहायक साधने, दूरच्या यंत्रावरून पूर्ण डेस्कटॉप आणण्याच्या रीती. यातल्या कशाला नवी वाट मिळाली आहे आणि कशाला अजून नाही, हे अपडेट करणारा प्रोग्रॅम विचारत नाही. ते बदलाआधी जाणून घ्यावे लागते.

याच्या अगदी उलट टोकाचा आक्षेप जुन्या प्रशासकांचा असतो: चालतेय ना, मग हात लावू नका. या माणसांना मी हट्टी म्हणणार नाही. ज्या यंत्राला लाखो रुपयांचे मोजमापाचे उपकरण जोडलेले आहे, ज्याच्या एका प्रोग्रॅमवर कारखान्याचा साचा तयार होतो, तिथे अकारण केलेला बदल हाच मोठा धोका असतो. डेबियन या लिनक्स-वितरणाची स्थिर आवृत्ती याच तत्त्वावर चालते. प्रोग्रॅमची आवृत्ती गोठवायची आणि सुरक्षेची तेवढी दुरुस्ती मागे आणून तिच्यात बसवायची. २०१६ मध्ये यावरून एक वाद झाला. एक्सवर स्क्रीनला कुलूप लावणाऱ्या एक्सस्क्रीनसेव्हरने डेबियनच्या वापरकर्त्यांना इशारा दाखवायला सुरुवात केली, की ही आवृत्ती फार जुनी आहे, बदला. तो इशारा त्याचे कर्ते जेमी झाविन्स्की यांनीच आत घातला होता. जुन्या आवृत्तीतल्या सुटलेल्या चुकांच्या तक्रारी त्यांच्याकडे येत राहत होत्या. वितरकांच्या दृष्टीने मात्र जुना आकडा म्हणजे जुना माल नव्हे. माझ्या मते दोघांचेही बरोबर होते आणि मधे वापरणारा एकटा पडला होता. त्याला हवा होता तो आकडा नव्हता, ‘कोणती चूक सुटली, कोणती अजून आहे’ एवढी दोन ओळींची नोंद हवी होती. म्हणजे हात लावायचा नाही असे ठरवणाऱ्यालाही बातमी लागतेच; उलट जास्तच लागते, कारण न बदलण्याचा निर्णय दर वेळी नव्याने घ्यावा लागतो.

बदल प्रोग्रॅममध्येच होतो असे नाही, त्याच्या परवान्यातही होतो; ते प्रकरण थोडक्यात सांगतो. पीसीवर एक्स आणणाऱ्या एक्सफ्री८६ प्रकल्पाने फेब्रुवारी २००४ मध्ये आपल्या ४.४ आवृत्तीचा परवाना बदलला. श्रेयनिर्देशाची एक अट वाढली. ओळी थोड्या होत्या, पण त्या वाचून मोठ्या वितरकांनी ती आवृत्ती नाकारली, आणि एप्रिलमध्ये एक्स डॉट ऑर्ग या संस्थेची आवृत्ती आली तिच्याकडे सगळे वळले. वाचणारे जागे होते म्हणून हे झाले.

मराठी वाचकाने यात का पडावे, याचे उत्तर आपल्या लिपीतच आहे. एक्सची जुनी अक्षरव्यवस्था सर्व्हरच्या ताब्यात होती: एक संकेतांक, एक आकृती, डावीकडून उजवीकडे. देवनागरी अशी चालत नाही. ‘कि’ लिहिताना क आधी टंकतो आणि वेलांटी त्याच्या आधी दिसते. ‘र्क’ मधला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. ‘दऱ्या’ मधला र तर तिसरेच रूप घेतो. २००० नंतर कीथ पॅकार्ड यांच्या रेंडर या जोडणीमुळे अक्षरे घडवण्याचे काम सर्व्हरकडून प्रोग्रॅमच्या बाजूला गेले, पँगो आणि पुढे हार्फबझ यांनी जोडाक्षरांचे नियम सांभाळले, आणि लोहित हा मुक्त परवान्याचा फॉन्टसंच रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षे जोपासला. तेव्हा कुठे युनिक्सच्या स्क्रीनवर मराठी सरळ उभी राहिली. आणखी जवळचे उदाहरण एका अक्षराचे. ‘ॲप’ आणि ‘ॲल्युमिनियम’ यांतला ॲ युनिकोडमध्ये एप्रिल २००८ च्या ५.१ आवृत्तीत दाखल झाला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाण केली तिच्यातही तो आहे. पण युनिकोडने क्रमांक दिला म्हणून अक्षर उमटत नाही. फॉन्टमध्ये आकृती हवी, कीबोर्डच्या आराखड्यात कळ हवी, जोडाक्षरांच्या नियमांत नोंद हवी. यातले एक अपडेट राहिले की ॲच्या जागी रिकामी चौकट दिसते, आणि लिहिणारा निमूटपणे हिंदीच्या वळणाने ऐ, नाहीतर ऍ वापरून पुढे जातो. भाषेचे नुकसान असे एका न पोहोचलेल्या बदलातून होते. ही माहिती इंग्रजीत उपलब्ध आहे असे म्हणून भागत नाही. ज्याची चौकट रिकामी दिसते त्याला ती त्याच्या भाषेत मिळाली पाहिजे.

एक तक्रार मात्र मी पूर्णपणे स्वीकारतो. बातम्या फार आहेत आणि त्यातल्या बहुतेक वाचण्याच्या लायकीच्या नाहीत. नवी आवृत्ती आली, ती वेगवान आहे, ती सुंदर आहे, एवढेच सांगणारा मजकूर वापरणाऱ्याच्या कामाचा नसतो. कामाची बातमी तारखेने सुरू होते, कुठल्या यंत्राला आणि कुठल्या आवृत्तीला लागू आहे ते सांगते, चूक किती जुनी आहे हे लपवत नाही, आणि दुरुस्ती केल्यावर काय चालेनासे होईल तेही आधीच सांगते. शेवटचे वाक्य सर्वांत कमी वेळा लिहिले जाते आणि सर्वांत जास्त उपयोगी पडते. पुढच्या पानांतली प्रत्येक नोंद याच कसावर लावून पाहावी, आणि जी उतरणार नाही ती बाजूला ठेवावी.

राहिली ती जुनी यंत्रे, ज्यांच्याविषयी आता बातमीच येत नाही. सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्सची शेवटची आवृत्ती २००६ साली आली. सन २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली. एचपी-यूएक्सच्या ११आय व्ही३ या अखेरच्या आवृत्तीची नियमित सेवा ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली. काही वस्तूंना दुसरा जन्मही मिळाला. कॉमन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंटचा मजकूर ऑगस्ट २०१२ मध्ये खुला झाला आणि तो आजच्या लिनक्सवर चालतो. पण बातमी थांबली म्हणून वेळ थांबत नाही. जुने युनिक्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या आकड्यात मोजते आणि त्या आकड्याला शेवट आहे. नेटबीएसडीने २०१२ मध्ये, ओपनबीएसडीने २०१४ मध्ये हा आकडा ६४ बिटांचा केला; लिनक्सच्या गाभ्यात ३२ बिटांच्या यंत्रांसाठी ही सोय २०२० पर्यंत पूर्ण झाली. ज्या वर्कस्टेशनपर्यंत हा बदल पोहोचणार नाही त्याच्या घड्याळात १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनंतर, तारीख १४ डिसेंबर १९०१ होईल. आपल्या प्रयोगशाळेत, छापखान्यात किंवा कारखान्यात असे यंत्र चालू असेल, तर त्याचे नाव, आवृत्ती आणि शेवटची दुरुस्ती कधी बसवली ती तारीख आजच एका कागदावर लिहून ठेवा.